कांदेनवमीचा आळ

१

रविवारी आमच्या मागच्या अंगणात कांदाभजी झाली आणि मंगळवारी सकाळी बेलाच्या जर्दाळूला गडद लाल लघवी झाली. बुधवारपर्यंत गुन्हेगार कोण हे सगळ्यांना कळलं होतं. गुन्हेगार मी होते.

मी मधुमती खांबेटे. पुण्यात विमा कंपनीच्या मोटार-दावे विभागात सगळी नोकरी काढली, मॅनेजर होऊन निवृत्त झाले आणि नवरा गेल्यावर मुलाकडे, यतीनकडे, हॅरोला आले. जर्दाळू म्हणजे शेजारच्या बेलाचा कुत्रा. जातीने कॉकर स्पॅनियल, रंगाने हुबेहूब जर्दाळू, म्हणून नावही तेच. आता म्हातारा झालाय. गेल्या वर्षी व्हेटने, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरने, त्याचे किडलेले दात काढले, तेव्हापासून त्याच्या तोंडात चावण्यासारखं काही उरलेलं नाही. बेला त्याला तान्ह्या बाळासारखं सगळं कालवून भरवते.

बेला मूळची अलिबागकडची, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू. तिच्या तोंडी अजून आमच्यापेक्षा अस्सल मराठी आहे. मुलाबाळांत कोणी नाही, नवरा गेलेला, एक पुतण्या मँचेस्टरला. तिला घरात बोलायला जर्दाळू आणि कुंपणापलीकडे बोलायला मी.

तर कांदेनवमी. चातुर्मास लागला की मी कांदा-लसूण बंद करते, म्हणून त्याआधी एकदा पोटभर कांदा खाऊन घ्यायचा. तिथी खरी आधीच होऊन गेली होती, पण हॅरोत आमचे सगळे सण रविवारीच येतात. २००८ सालचा जुलै, कधी नव्हे ते ऊन पडलेलं. बेला जर्दाळूला घेऊन आली. नीनाची, माझ्या सुनेची, मैत्रीण देवयानी आली. ती बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि तिच्याकडे शेरा नावाचा काळा लॅब्रेडॉर आहे. तो लॅब्रेडॉर फ्रान्सला जाऊन आल्यापासून देवयानीला दुसरा विषय नव्हता.

"काकू, शेराचा पासपोर्ट तुमच्या-माझ्यापेक्षा कडक आहे," ती भजी खाता खाता सांगत होती. "मायक्रोचिप, रेबीजची लस, मग ब्लड टेस्ट, मग सहा महिने थांबायचं. शिवाय परत येताना फेरीच्या आधी फ्रेंच व्हेटकडे जाऊन टिक्सचं आणि वर्म्सचं औषध. त्याचा शिक्का नसेल तर कुत्रा बोटीवर चढत नाही."

"आमच्या वेळी व्हिसालासुद्धा इतकं नव्हतं," मी म्हटलं. सगळे हसले. हसण्याचा तो शेवटचा दिवस.

मंगळवारी जर्दाळू कोसळला. व्हेटने बेलाला विचारलं, याने कांदा खाल्लाय का? कांद्याने म्हणे कुत्र्याच्या रक्तातल्या पेशी फुटतात, हिरड्या पांढऱ्या पडतात आणि लघवी लाल होते. बेला म्हणाली, रविवारी तर सगळीकडे कांदाच होता. आणि देवयानी म्हणाली, "काकूंनीच भरवलं ना त्याला. मी पाहिलं. हातात काहीतरी पिवळं होतं."

मी भरवलं होतं, हे खरं. वरणभाताचा मऊ मुटका. त्या साध्या वरणात हिंग-हळदीपलीकडे काही नव्हतं. हे मी स्वच्छ सांगितलं.

"आई," यतीन डोकं खाजवत म्हणाला, "तुला वाटतंय वरणभात होता. पण यू नो, हल्ली तू विसरतेस."

"काय विसरले?"

"एप्रिलमध्ये स्टेशन विसरलीस. पार पुढे जाऊन पोचलीस."

"ती गाडी फास्ट होती. माझ्या स्टेशनवर थांबलीच नाही. आता चालत्या गाडीतून उडी मारू?"

"ओके, ओके. पण गॅस? गॅस चालू राहिला होता ना?" मग त्याने खरं काय ते सांगितलं. मेमरी क्लिनिकची अपॉइंटमेंट घेतली होती. आणि ऑगस्टअखेरचं पुण्याचं तिकीट काढलं होतं, एकेरी. बाणेरला म्हणे ज्येष्ठांसाठी एक फार छान जागा आहे, चोवीस तास नर्स. "फक्त बेला आंटींना एक सॉरी म्हणून टाक. म्हणजे सगळं पीसफुली होईल."

सॉरी म्हटलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. आणि मीच माझ्या तोंडाने कबूल केलं असतं की हातात भजी होती आणि मला आठवत नाही. मग बाणेर.

"मी सॉरी म्हणणार नाही," मी म्हटलं. "वरणभात होता."

चपला घातल्या आणि बेलाकडे गेले. बेलाने दार उघडलं नाही.

२

विलायतेतल्या दारांना टपाल टाकायला एक पितळी फट असते. मी खाली वाकले, फट उचलली आणि आत तोंड घातलं.

"बेला! मी काही बोलल्याशिवाय जाणार नाही, आणि माझे गुडघे दुखतायत. उघड."

आतून आवाज आला, "जा तू. माझ्या लेकराला मारलंस."

"मारलं असेन तर तोंडावर सांग. फटीतून नको."

थोड्या वेळाने साखळी निघाली. बेलाचे डोळे सुजले होते. जर्दाळू दवाखान्यात होता, हाताला, म्हणजे पुढच्या पायाला, सलाईन लावलेलं. बैठकीत रेडिएटरशेजारी त्याची टोपली रिकामी होती. चांगली मोठी वेताची टोपली, कडेला निळी रिबन गुंडाळलेली, आत गादी. जूनमध्ये देवयानीने ती जर्दाळूला भेट दिली होती.

मी समोर बसले. विमा कंपनीत मी एक गोष्ट शिकले. माणूस गाडी ठोकतो आणि दावा करताना जुने पोचेसुद्धा त्याच अपघाताच्या नावावर लावतो. म्हणून पहिला प्रश्न नेहमी हाच: पोचा आधीचा की नंतरचा?

"बेला, जर्दाळू पहिल्यांदा मलूल कधी वाटला? लाल लघवी सोड. पहिल्यांदा कधी?"

"मंगळवारी."

"नीट आठव."

बेलाने पदराने, म्हणजे कार्डिगनच्या बाहीने, नाक पुसलं. "शनिवारी जिना चढला नाही. मी म्हटलं, शब्बाथ आहे, यालाही आराम. शुक्रवारी मेणबत्त्या लावताना नेहमी पायाशी येऊन बसतो, तेव्हापण आला नाही. कान नुसते तापलेले."

"तापलेले?"

"अगं तव्यासारखे. मला वाटलं ऊन लागलं."

शुक्रवारी. भजी रविवारची. माझ्या अंगात एकदम हुशारी आली. पोचा आधीचा होता.

"बेला, ऐक मी काय सांगते. तू आमच्याकडे आलीस तेव्हा तो आधीच आजारी होता."

तिला विश्वास ठेवायचा होता आणि ठेवता येत नव्हता, दोन्ही दिसत होतं. मग ती भलत्याच गोष्टीवर चिडली, माणूस चिडतो तशी. "आणि तू ती एरंडी माझ्या घरात का सांडतेस? तुझ्या सुंठ-बडीशेपेच्या पिशवीतून पडते वाटतं. रोज भिंतीशी एखादी बी सापडते. झाडून झाडून कंटाळले."

"मी कशाला एरंडी सांडू?"

"मग कोण सांडतं?"

तेवढ्यात किल्ली वाजली. दारात डेव्हिड उभा होता, बेलाचा पुतण्या. त्याच्या हातात कुत्र्याची साखळी होती, नुसती साखळी.

३

"अजून जिवंत आहे," डेव्हिड घाईने म्हणाला. "डोन्ट वरी. मी फक्त लीड आणली."

डेव्हिड चाळिशीचा, मँचेस्टरला हॉस्पिटलात नोकरी. मराठी तो बोलतो, पण शब्दांच्या लिंगांची त्याला फिकीर नसते. बेला चहा करायला आत गेली, तशी मी त्याला खिडकीशी गाठलं. मला दोन गोष्टी माहीत होत्या. तो बेलासाठी ज्येष्ठांचा फ्लॅट शोधत होता आणि असल्या बहुतेक फ्लॅटांत कुत्री चालत नाहीत. दुसरी गोष्ट, जुलैच्या सुरुवातीला तो आला तेव्हा त्याने मागच्या शेडमध्ये उंदरांसाठी निळ्या गोळ्या टाकल्या होत्या. त्या मी कुंपणावरून पाहिल्या होत्या.

"डेव्हिड, उंदराच्या औषधानेसुद्धा रक्त जातं."

त्याचा चेहरा लाल झाला. "आंटी, यू थिंक मी जर्दाळूला मारेन? सीरियसली?"

"मला काही वाटत नाही. मी विचारते."

"मी पण व्हेटला तेच विचारला. पहिला प्रश्न. तिने क्लॉटिंगची टेस्ट केली. रक्त बरोबर गोठतो. पॉयझन नाही. आणि ती शेडला लॉक आहे, किल्ली माझ्याकडे." त्याने खिशातून एक छापील पत्रक काढून माझ्यापुढे धरलं. "हा फ्लॅट बघा. दोन महिने शोधला. एक डॉग अलाउड. बेला आंटी कुत्र्याशिवाय येणार नाही, हे मला माहीत नाही काय?"

मी पत्रक पाहिलं. वर कुत्र्याचं चित्र होतं. मला लाज वाटली, पण प्रश्न विचारल्याची नाही.

"तुझ्यावरचा संशय गेला," मी म्हटलं.

"थँक यू," तो कोरडेपणाने म्हणाला. "आणि तुमच्यावरचा? सॉरी, आंटी, पण एव्हरीवन सेज तुम्ही भजी दिला. तुमची मेमरी..."

"माझी मेमरी ठणठणीत आहे. गेल्या हनुक्काच्या सणाला तू बेलाला पिवळी गरम टोपी दिलीस आणि तिचं लेबल काढायला विसरलास."

तो हसणार होता, पण त्याचा फोन वाजला. दवाखाना होता. त्याने ऐकलं आणि फोन खिशात टाकला.

"रक्ताचा काउंट परत खाली गेला," तो म्हणाला. "कांद्याचं असतं तर आतापर्यंत वर यायला हवा होता. उद्या सकाळपर्यंत नाही आला तर व्हेट म्हणते, निरोप घ्या."

४

घरी आले तेव्हा नीना ओट्यापाशी भांडी लावत होती. ती रीडिंग शहरात कामाला जाते, सकाळी लवकर निघते, आणि आमच्यात फारसं वाकडं नाही, फारसं गूळपीठही नाही.

मी विचारलं, "नीना, रविवारी पंगतीत वरण कोणी घेतलं?"

तिचा हात थांबला. "कोणीच नाही. सगळे भज्यांवरच तुटून पडले होते."

"मग पातेलं?"

"घासताना..." ती वळली नाही. "घासताना वरण पाऊण पातेलंच उरलेलं होतं, आणि भाताच्या कडेला गोळे करून घेतल्याच्या खुणा होत्या. आणि तुमच्या पदराला हळद. मीच धुतला तो पदर."

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

"हो."

"आणि तू दोन दिवस गप्प."

आता ती वळली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. "आई, यतीनने तिकीट आधीच काढलं होतं. कांदेनवमीच्या पण आधी. मला वाटलं, मी कशाला मध्ये पडू? आणि खरं सांगू? मला वाटलं, एकदा घरात आम्ही दोघंच असलो तर कसं असेल."

कोणी खोटं गोड बोलण्यापेक्षा मला हे परवडलं. राग आला, खूप आला. पण तो राग नंतरसाठी बाजूला ठेवला, कारण कुत्र्याला सकाळपर्यंतचा वेळ होता.

"गाडीची किल्ली घे," मी म्हटलं. "दवाखान्यात चल. बेलालाही घेऊ. प्रायश्चित्ताचं नंतर बघू."

नीनाने हात पुसले आणि मुकाट्याने किल्ली घेतली.

५

व्हेट तरुण होती, केस मागे बांधलेले, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिच्याशी माझं इंग्रजीत बोलणं झालं, पण इथे आपण मराठीतच सांगू. पिंजऱ्यात जर्दाळू आडवा पडला होता. बेलाने जाळीतून बोट घातलं, त्याने डोळे उघडले आणि शेपटीचं टोक जेमतेम हललं.

मी म्हटलं, "डॉक्टर, कांद्याने ताप येतो?"

ती थांबली. "सहसा नाही. याला ताप आहे. आम्हाला वाटलं, वरून एखादं इन्फेक्शन झालं असेल."

"ताप शुक्रवारपासून आहे. कांदा रविवारी होता."

तिने बेलाकडे पाहिलं. बेलाने मान डोलावली. "शुक्रवारी कान तापले होते. मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही फक्त कांद्याचं विचारलंत."

व्हेटने स्टूल ओढलं आणि खाली बसली. ती रागावली नाही, तिने स्वतःलाही दोष दिला नाही, ती फक्त विचार करू लागली, आणि त्याबद्दल मला ती आवडली. "ताप, रक्त फुटणं, लाल लघवी," ती म्हणाली. "हा फ्रान्सला किंवा स्पेनला जाऊन आलेला कुत्रा असता तर मला वेगळीच शंका आली असती. दक्षिण युरोपात गोचिडीतून एक जंतू रक्तात जातो. बॅबेसिया. तो तांबड्या पेशींच्या आत शिरून त्या फोडतो. मी फक्त पुस्तकात पाहिलाय. पण हा कधी देशाबाहेर गेलेला नाही ना?"

"ब्रायटनच्या पुढे नाही," बेला म्हणाली. "त्याच्याकडे पासपोर्टच नाही."

"मग कसं शक्य आहे?" व्हेट म्हणाली. "इथल्या गोचिडींत तो जंतू नसतो."

नीना म्हणाली, "म्हणजे परत कांदाच."

"थांब," मी म्हटलं. "डॉक्टर, पोट भरलेली गोचीड कशी दिसते?"

"टम्म फुगलेली. करडी, गुळगुळीत. एखाद्या बीसारखी."

मी बेलाकडे वळले. बेला आधीच पांढरी पडली होती. तिचा हात तोंडावर गेला होता.

"आमच्या आजोबांच्या तेलाच्या घाण्याच्या बैलाला असायच्या," ती हळूच म्हणाली. "आम्ही पोरं ओढून काढायचो. मधू, मी त्या एरंड्या समजून झाडत होते."

"केराची पिशवी कुठे आहे?"

"आज सकाळीच कौन्सिलची गाडी घेऊन गेली."

६

केर गेला तर गेला, भिंत जाग्यावर होती. बेलाच्या बैठकीत मी आणि नीना जमिनीवर पालथ्या पडून रेडिएटरमागे टॉर्च मारत होतो. शेवटी भिंतीच्या तळाच्या लाकडी पट्टीच्या फटीत एक सापडली, तपकिरी, चपटी, चालणारी. नीनाने ती मसाल्याच्या रिकाम्या बाटलीत घेतली आणि किंचाळली नाही, याचं मला कौतुक वाटलं.

मग मी टोपली उलटी केली.

गादीला चेन होती. आत हात घातला तर शिवणीत आखूड काळे केस. जर्दाळूच्या अंगावर काळा केस औषधालाही नाही, आणि त्याचे केस लांब, कुरळे. मग निळी रिबन सोडली. तिच्याखाली वेताची कडा चावून चावून पार चोथा केलेली होती. मी बेलाला विचारायची गरजच नव्हती. ज्याला सफरचंद किसून द्यावं लागतं, तो वेत काय चावणार?

"नीना," मी म्हटलं, "देवयानीला बोलाव. म्हणावं, आत्ताच्या आत्ता."

देवयानी ऑफिसातून थेट आली, सूट घातलेली. टोपली बैठकीच्या मधोमध होती, रिबन सोडलेली. ती दारातच थबकली.

मी सरळ विचारलं, "ही टोपली कुठून घेतलीस?"

"दुकानातून, काकू. इथेच, सेंट्रल लंडनला. ब्रँड न्यू. टॅग होता ना?"

"टॅग होता. रिबनवर अडकवलेला. पण दात रिबनच्या खाली आहेत. म्हणजे आधी कुत्रा चावला, मग रिबन आली, मग टॅग. आणि चावणारा कुत्रा काळा, आखूड केसांचा, मजबूत दातांचा."

देवयानी टोपलीपासून एक पाऊल मागे सरकली.

"तुझ्या शेराला फ्रेंच व्हेटने औषध लावलं, शिक्का मारला, सगळं नियमात झालं. कुत्र्याच्या अंगावरच्या गोचिडी मेल्या. पण टोपलीला औषध कोण लावणार? टोपलीला ना चिप, ना लस, ना शिक्का. त्या गादीच्या शिवणीत बसून त्या गोचिडी बोटीतून आरामात आल्या. जर्दाळू फ्रान्सला गेला नाही. फ्रान्स त्याच्या अंथरुणात आला."

"काकू, मला माहीत नव्हतं."

"हे मला मान्य आहे. तिथे फ्रान्सला टोपलीत आणखी कोणती कुत्री झोपायची?"

"फार्महाउसच्या मालकाची. दोन होती. त्यांना खूप टिक्स होत्या." आता ती रडायला लागली. "परत आल्यावर शेरा त्यात झोपेना. मोठी झाली होती त्याला... म्हणजे तो मोठा झाला होता. टोपली इतकी महाग, टाकवेना. आणि बेला आंटींकडे रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून मी गादी धुवून..."

"धुतली?"

"...धुवायला टाकायची होती. राहिली. मग रिबन बांधली."

मला हसू यायला नको होतं, पण आलं. आपल्या माणसांचा हा रोगच आहे. माझ्या लग्नात आलेलं एक स्टीलचं तपेलं मी नणंदेच्या मुलाच्या मुंजीत दिलं, तिने ते जावेला दिलं, आणि यतीनच्या बारशाला ते वाजतगाजत माझ्याच घरी परत आलं, नव्या कागदात. आहेर फिरतो. कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. तपेल्याला गोचिडी नसतात म्हणून चाललं इतकी वर्षं.

"टोपली जुनी दिलीस, त्याचं मला काही नाही," मी म्हटलं आणि माझा आवाज चढला, मी तो चढू दिला. "पण मंगळवारी कुत्रा आजारी पडला, तेव्हा तुझ्या मनात टोपली आली की नाही? खरं सांग."

"बुधवारी आली. पण तोवर मी तुमच्याबद्दल बोलून बसले होते. मला खरंच भजी वाटली होती, काकू. मग सगळे म्हणायला लागले, काकू विसरतात, आणि... ते सोपं होतं."

"सोपं तुला. मला घरातून काढत होते त्यावर."

बेला उठली, देवयानीच्या हातात फोन दिला आणि म्हणाली, "व्हेटला सांग. कुठलं फार्म, कुठला गाव, किती टिक्स. सगळं. लाज नंतर वाटून घे."

देवयानीने फोन लावला. तिने काही लपवलं नाही.

७

व्हेटने जर्दाळूच्या कानाच्या टोकातून रक्ताचा थेंब घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मग तिने मला बोलावलं. तांबड्या पेशींच्या आत जांभळे ठिपके होते, जोडीजोडीने, नासपतीसारखे. ती म्हणाली, पुस्तकातल्यापेक्षा स्पष्ट दिसतायत. औषध तिच्याकडे नव्हतं, या देशात ते सहजासहजी मिळतही नव्हतं. तिने फोनामागून फोन केले आणि एका विद्यापीठाच्या प्राणी-रुग्णालयातून ते मिळवलं. डेव्हिड रात्रभर गाडी हाकत जाऊन ते घेऊन आला.

मी सांगितलं असतं की दुसऱ्या दिवशी जर्दाळू उड्या मारायला लागला, पण तसं झालं नाही. दोन दिवस तो होता-नव्हता असाच होता. शेराचंही रक्त तपासलं, त्यातही तेच ठिपके सापडले, फक्त तो तरुण म्हणून निभावून गेला होता. रविवारी जर्दाळूने मान उचलली आणि बेलाच्या हातून दहीभात खाल्ला. बेला दवाखान्याच्या मधोमध उभी राहून माझ्या गळ्यात पडली.

"मी तुझ्यासाठी दार उघडत नव्हते," ती म्हणाली.

"फटीतून बोलले की मी."

"मधू, मला माफ कर."

"केलं. पण परत माझ्यावर एरंडीचा आळ घेतलास तर बघ."

त्या संध्याकाळी यतीन माझ्या खोलीत आला. दारात उभा राहिला, लहानपणी प्रगतिपुस्तक घेऊन उभा राहायचा तसा. मागे नीना होती. तिने त्याला सगळं सांगितलं होतं, वरणाचं, पदराचं आणि स्वतःचंही, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

"आई, आय ॲम रिअली सॉरी. मी तिकीट कॅन्सल करतो. क्लिनिकची अपॉइंटमेंटपण."

"अपॉइंटमेंट राहू दे. जाईन मी. माझ्या डोक्याची मला भीती नाही, तुम्हाला वाटते. एकदा होऊन जाऊ दे."

"बरं. मग तिकीट कॅन्सल करतो."

"तिकीट काढताना मला विचारलं होतंस?"

त्याने मान खाली घातली. "नाही."

"मग रद्द तरी कोणाला विचारून करतोयस? माझं सामान माझ्या परवानगीशिवाय पुण्याला चाललं होतं, आता माझ्या परवानगीशिवाय हॅरोत राहणार. मी काय टोपली आहे? विचार मला."

"काय विचारू?"

"मी इथे राहणार का, ते. नीट बस आणि नीट विचार. मी तुझी आई आहे, तुझं लगेज नाही."

तो पलंगाच्या कडेला बसला. इतका मोठा, केस पांढरे व्हायला लागलेला माणूस, आणि चादरीची कड दुमडत राहिला. नीना दारात हाताची घडी घालून उभी होती. शेवटी तो म्हणाला, "आई, तू आमच्याकडे राहशील का? आम्हाला हवी आहेस. मला हवी आहेस."

पण तेवढ्यावर सोडून दिलं तर पुढच्या वेळी पुन्हा न विचारता ठरवतील, हे मला पक्कं माहीत होतं.

"विचार करून सांगते," मी म्हटलं आणि दिवा लावून पुस्तक उघडलं.

उत्तर द्यायला मी तीन आठवडे घेतले. तोवर तो रोज संध्याकाळी ऑफिसातून आला की बूट काढायच्या आधी माझ्या खोलीशी येऊन विचारायचा, आणि मी रोज त्याला थांबवून ठेवायचे, कारण इतक्या वर्षांत मला कोणी काही विचारलंच नव्हतं.